कलागतीचं उदाहरण

“भांडनाला दोघं लागत्यात, मास्तर. कलागत एकटीला करता येती,” हौसाक्का म्हणाली आणि मडक्याच्या पोटावर थापी मारत पुढं सरकली.

मी ते घाईघाईनं उतरवून घेतलं. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पोस्टकार्डाएवढ्या कोऱ्या चिठ्ठ्या, आणि खिशात दोन पेनं, एक संपलं तर दुसरं असावं म्हणून. मी चोवीस वर्षांचा होतो. एम. ए. ला पहिला वर्ग मिळाला होता आणि त्याची हवा अजून डोक्यातून उतरली नव्हती. आमच्या संस्थेत बोलीभाषांच्या कोशाचं काम चालू होतं. कुणाला भाज्यांची नावं गोळा करायला दिली होती, कुणाला बैलांच्या रंगांची. माझ्या वाट्याला आले भांडणाचे शब्द. ऑफिसात सगळे चेष्टा करायचे, की जोगळेकरांच्या पत्रिकेतच कलह आहे. मला मात्र वाटायचं, बैलांच्या रंगांपेक्षा हे बरं.

कामाची पद्धत आमचे संपादक हर्डीकर सर यांनी घालून दिली होती. एका चिठ्ठीवर एक शब्द. त्याखाली अर्थ. त्याखाली ज्या वाक्यात तो शब्द ऐकला ते वाक्य, जसंच्या तसं. शेवटी बोलणाऱ्याची जात, वय, गाव. “वाक्य रचायचं नाही,” सर बजावायचे. “ज्याला वाक्यं रचायची हौस असेल त्यानं कादंबऱ्या लिहाव्यात. इथं ऐकलेलंच वाक्य चालेल.” हा नियम मी देवघरातल्या मंत्रासारखा पाठ केला होता.

घोटवडीत मी शाळेच्या घाडगे गुरुजींकडे उतरलो होतो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “भांडणाचे शब्द पाहिजेत तर कुंभाराच्या हौसाक्काकडे जा. सात वर्षं जावेशी अबोला धरला होता बाईनं. या विषयात तीसुद्धा एम. ए. आहे.”

गावात कुंभाराचं घर एकच. लांबच लांब कौलारू, मधे भिंत, भिंतीला एक दार. अलीकडे हौसाक्का आणि तिचे मालक, पलीकडे धाकटी जाऊ शेवंता, दीर दत्तू आणि त्यांची एकुलती एक कला. हौसाक्काला मूल नव्हतं. कला दोन्ही घरांत सारखीच वावरायची. सकाळची भाकरी आईकडे, दुपारची मोठ्याईकडे. हौसाक्काला ती मोठ्याई म्हणायची.

मी तिसरा दिवस तिथं बसत होतो. हौसाक्का एका हातानं मडक्याच्या आत दगडी गोळा धरायची आणि दुसऱ्या हातानं बाहेरून लाकडी थापी मारायची. बोलताना हात थांबत नसत.

“कुरबूर आणि भांडण यांत फरक काय?” मी विचारलं होतं.

“कुरबूर चुलीपाशी हुती. भाकरी करपली की तिच्यासंगं करपून जाती. भांडन अंगनात येतं. तितं शेजारपाजार आयकतो, म्हनून जरा सूर लावून करावं लागतं.”

“आणि तंटा?”

“त्यो चावडीवर. त्याला पंच लागत्यात.”

“वाद?”

“त्यो तुमचा, शिकल्याल्यांचा. वाद घालून झाला की मानसं च्या पित्यात.”

मी लिहिता लिहिता हसत होतो. मग मी अबोला हा शब्द काढला. तेव्हा उत्तर कलानं दिलं. ती उंबऱ्यावर बसून चाळणीनं राख चाळत होती.

“अबोला म्हणजे माझे पाय दुखायचे,” कला म्हणाली. “सात वर्षं ह्या दोघींची टपाल मी वाहिली. आई म्हणायची, तुझ्या मोठ्याईला सांग, तिची शेळी आमच्या वालावर आलीया. मोठ्याई म्हणायची, तुझ्या आईला सांग, शेळीला वाचता येत न्हाई. दोघी तीन हातांवर उभ्या, आणि मी मधी.”

“बास कर,” हौसाक्का म्हणाली, पण तिला हसू आलं होतं.

तीन वर्षांपूर्वी कलाला टायफॉईड झाला, त्या दुखण्यात अबोला संपला होता. आता वैशाखात कलाचं लग्न होतं. मुलगा कऱ्हाडच्या बाजूचा, शाळेत शिपाई. आणि कन्यादान करणार होते हौसाक्का आणि तिचे मालक. ज्यांना मूल नाही त्यांच्या हातून कन्यादान व्हावं, त्याचं पुण्य त्यांना मिळावं, हे शेवंतानं आपण होऊन सांगितलं होतं. हे मला पहिल्या दिवशी घाडगे गुरुजींनी, दुसऱ्या दिवशी हौसाक्काच्या मालकांनी आणि तिसऱ्या दिवशी खुद्द हौसाक्कानं सांगितलं. बोहल्यावर नेसायचं लुगडंसुद्धा तिनं मला काढून दाखवलं. दोन्ही हातांवर धरून, घडी न मोडता.

कला राख घेऊन मागच्या अंगणात गेली आणि मी पुढची चिठ्ठी काढली. वर लिहिलं, कलागत. भांडणाला दोघं लागतात, कलागत एकटीला करता येते, हे तिनं सांगितलं ते तेव्हाच. व्याख्या झकास होती. पण व्याख्या म्हणजे उदाहरण नव्हे.

“म्हणजे कुणी केली होती का इथं कुणाची?” मी विचारलं.

थापीचा आवाज तसाच चालू राहिला.

“पारूच्या सोयरिकीत कलागत म्याच केली,” हौसाक्का म्हणाली, “आन् वर बेलभंडारा उचलून न्हाई म्हनले.”

मी खाली मान घालून लिहीत होतो. ती बोलत राहिली, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की ती आता मला शब्द सांगत नव्हती.

पारू ही शेवंताची धाकटी बहीण. दहा वर्षांपूर्वी तिला बघायला पाहुणे याच घरी आले होते. त्या सकाळी शेजारी बारसं होतं. हौसाक्कानं बाळ मांडीवर घेतलं, आणि सगळ्या बायकांसमोर शेवंतानं ते काढून घेतलं. “अक्का, तुमी नगा घिऊ,” एवढंच म्हणाली. दुपारी पाहुणे आले. हौसाक्कानं मुलाच्या आईला पाय धुवायला पाणी दिलं आणि पाणी देता देता हळूच सांगितलं, की पोरीला फेफरं येतं. पोरीला काही येत नव्हतं. चार दिवसांनी नकार आला. पारूला पुढं सोलापूरच्या पलीकडे एका बिजवराला दिली. शेवंताला संशय आला, तिनं तोंडावर विचारलं. तेव्हा हौसाक्का खंडोबाच्या देवळात गेली आणि पाच माणसांदेखत बेलभंडारा उचलून म्हणाली, मी नाही. तिथून अबोला.

“मग कला दुखण्यात पडली,” ती म्हणाली. “दोघी खाटंच्या दोन बाजूला. तिसऱ्या दिशी शेवंता मला म्हनली, अक्का, तुमी देवापशी खोटं बोलनार न्हाई, माझंच चुकलं. आन् माझ्या पाया पडली. माझ्या पाया पडली ती, मास्तर. म्या पाय मागं घेतलं न्हाईत.”

“मग आता सांगून का टाकत नाही?” मी विचारलं. चोवीसाव्या वर्षी माणसाला सगळे उपाय माहीत असतात.

“कन्यादान झालं की सांगनार. आदी न्हाई. आदी सांगितलं तर पोरीचा हात माझ्या हातात देनार न्हाई ती. द्यावा तरी कसा?” मग तिचं लक्ष माझ्या पुठ्ठ्याकडे गेलं आणि थापी पहिल्यांदा थांबली. “हे लिवलंस व्हय?”

“हो.”

“फाड.”

मी चिठ्ठी तिच्यासमोर धरली, चार तुकडे केले आणि मडकी भाजायच्या आव्यातल्या राखेत टाकले. तिनं ते तुकडे मातीच्या बोटांनी राखेत खोल दाबले. मग उठून गुळाचा चहा केला. कप माझ्या हातात देताना म्हणाली, “कुनाला तरी सांगायचं हुतं. तू गावचा न्हाईस ते बरं हाय.”

पुढच्या महिन्यात संस्थेच्या त्रैमासिकात माझी बारा पानांची यादी छापून आली. मथळा होता, ‘काही कलहवाचक शब्द’. खाली माझं नाव. मी अंकाच्या दहा प्रती घेतल्या. नातेवाइकांपैकी कुणी ती यादी वाचली नाही, आणि ज्यांनी वाचली त्यांनी विचारलं, याचा पगार मिळतो का. पण घाडगे गुरुजींना मी पाठवलेला अंक मिळाला आणि त्यांचं उलट टपाली पत्र आलं. पाडव्याला सगळं गाव मारुतीच्या देवळात पंचांग ऐकायला जमतं. त्यानंतर तुम्ही तुमची यादी वाचून दाखवा. आमचे शब्द छापून आले, ते आमच्या माणसांना कळू द्या.

मला आग्रहाची गरज नव्हती. मी आदल्या दिवशीच जाऊन पोचलो.

पाडव्याला सकाळी देवळाच्या सभामंडपात पाऊल ठेवायला जागा नव्हती. कडुनिंबाचा पाला आणि गूळ वाटून झाला. गुरवांनी पंचांग वाचलं. पाऊस किती, धान्य कुठलं महाग, संक्रांत कशावर बसली आहे, सगळं. मग गुरुजींनी मला एक शाल आणि नारळ दिला आणि म्हणाले, “आता आपलं पंचांग ऐका.”

मी ‘कुरबूर’ वाचलं. चुलीपाशी होते, भाकरीसंगं करपून जाते. बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, “हे तर आपल्या हौसाक्काचं.” मी ‘तंटा’ वाचला, मग ‘वाद’ वाचला, चहा पिणाऱ्यांचा. सरपंचांनी मांडीवर थाप मारली. हौसाक्का खांबाला टेकून बसली होती, पदर तोंडाशी धरून. शेजारी शेवंता तिला कोपरानं ढोसत होती. गावाला आपलं बोलणं छापलेलं ऐकून जे होतं, ते मी डोळ्यांनी बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हे मी केलं.

कला उभी राहिली. “सर, मी वाचू? मोठ्याईचं हाय, मी वाचते.”

मी अंक तिच्या हातात दिला. ती दहावी झालेली मुलगी, वाचायची झरझर. तिनं ‘क’चं पान काढलं. ‘कज्जा’ वाचला. लोक हसले. ‘कटकट’ वाचली. तेव्हा मला आठवलं, पुढं काय येतं ते. ‘कलह’ वाचेपर्यंत माझ्याकडे वेळ होता. अंक मागून घेता आला असता, घसा सुकला का म्हणून पाणी देता आलं असतं. पण लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या मला थांबवायच्या नव्हत्या.

“कलागत,” कलानं वाचलं. “स्त्रीलिंगी. दुसऱ्याचं जुळलेलं मोडावं म्हणून मुद्दाम केलेली कागाळी. उदाहरण. पारूच्या सोयरिकीत कलागत म्याच केली, आन् वर बेलभंडारा उचलून न्हाई म्हनले. कंसात, कुंभार स्त्री, वय बावन्न, घोटवडी.”

ती इतकी सफाईनं वाचत होती, की काय वाचलं ते तिला वाक्य संपल्यावर कळलं.

चिठ्ठी मी फाडली होती, हे खरं आहे. आणि त्याच संध्याकाळी एस. टी. स्टँडच्या बाकावर बसून नवी चिठ्ठी काढून तेच वाक्य पुन्हा लिहिलं, हेही खरं आहे. एक अक्षर विसरलो नव्हतो. दोन महिने गावोगाव हिंडून असं वाक्य मला मिळालं नव्हतं. शब्द, अर्थ, गुन्हा, शपथ, सगळं एका ओळीत. ते टाकून द्यायचं म्हणजे माझ्या जिवावर येत होतं. हर्डीकर सरांनी छापण्यापूर्वी विचारलं होतं, “नावं बदललीत ना?” मी हो म्हणालो होतो. बोलणाऱ्याचं नाव मी गाळलं होतं, आणि तेवढं पुरे असं स्वतःला समजावलं होतं. पारू हे नाव ठेवलं, कारण पारू कुठंही असतात. आणि खाली नियमाप्रमाणे जात, वय, गाव घातलं. ज्या गावात कुंभाराचं घरच एक आहे, त्या गावाचं.

शेवंता हौसाक्काकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

“मास्तर,” ती म्हणाली, “हे तुमी रचलंय न्हवं?”

तिचा आवाज रागाचा नव्हता. विनवणीचा होता. आज इतक्या वर्षांनीही मला तो ऐकू येतो. तिला मी हो म्हणायला हवं होतं. तिनं शब्दसुद्धा माझ्या तोंडात घालून दिला होता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या, शहरातला लबाड म्हणून हाकललं असतं आणि दोघी जावा एकमेकींचा हात धरून घरी गेल्या असत्या. खांबाला टेकलेली हौसाक्काही माझ्याकडेच बघत होती.

आणि मी म्हणालो, “आमच्या कोशात एकही वाक्य रचलेलं नसतं. सगळी ऐकलेली असतात.”

मी हे ताठ मानेनं म्हणालो. लाज त्याची जास्त वाटते. कुणीतरी माझ्या कामावर शंका घेतली, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरलं होतं. दोन बायकांचं काय होणार, ते नव्हतं.

शेवंतानं मान वळवली. “अक्का?”

तेवढ्यात कलाचा बाप दत्तू पुरुषांच्या बाजूनं उठून माझ्यावर धावला. त्यानं माझ्या सदऱ्याची गळपट्टी धरली. “बायकांचं बोलनं चोरून लिवून घेतोस? पुस्तकात घालतोस?” त्याच्यामागं आणखी दोघं उठले. घाडगे गुरुजी मधे पडले, पण ते किडकिडीत माणूस.

“सोडा त्याला, भावजी,” हौसाक्का म्हणाली. ती उभी राहिली होती. “त्याचा काय दोष न्हाई. त्यो फाडत हुता ती चिठ्ठी. म्याच म्हनले, ऱ्हाऊ दे, लिव. छाप म्हनले.”

दत्तूची पकड सैल झाली.

इथं मला बोलायचं होतं. खरं तेच बोलायचं होतं, की या बाईनं मला फाडायला सांगितलं होतं आणि चोरी माझीच आहे. मघाशी जो नियम मी छाती काढून सांगितला, तो आता पाळायचा होता. पण माझी मान नुकतीच सुटली होती. दत्तूचे हात मडकी घडवणारे होते, माझ्या गळ्यावर त्याची बोटं उमटली होती. मी मान खाली घातली. बघणाऱ्याला वाटलं असेल, मास्तर हो म्हणाला.

शेवंता उठली, पदर खोचला आणि कलाचा हात धरून देवळाबाहेर गेली. हौसाक्का खांबापाशी उभीच होती. गुरुजींनी मला मागच्या बाजूनं काढून स्टँडवर नेलं. शाल माझ्या खांद्यावर तशीच होती.

वैशाखातलं कन्यादान शेवंता आणि दत्तूनं केलं, असं गुरुजींचं चार ओळींचं पत्र आलं. पुढं पत्रव्यवहार संपला. मी हौसाक्काला तीन पत्रं लिहिली. तिला वाचता येत नव्हतं. म्हणजे ती कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागली असती, आणि वाचणारी कला सासरी गेली होती. या सबबीवर तिन्ही पत्रं मी टपालात टाकली नाहीत. सबबी शोधण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

कोशाचे खंड निघाले, मी त्याच्या संपादक मंडळात गेलो, कॉलेजात लागलो. मोठ्या कोशात ‘कलागत’खालचं ते वाक्य मी काढून टाकलं आणि तिथं घरी बसून एक रचलेलं वाक्य घातलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. कामाची कदर झाली. बोलीभाषांवर व्याख्यान द्यायला मला तालुक्या-तालुक्यांतून बोलावणी येऊ लागली, आणि ‘वाक्य रचायचं नाही’ हा हर्डीकर सरांचा नियम मी दर व्याख्यानात सांगायचो. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो त्याचं हे एक उदाहरण.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कऱ्हाडजवळच्या एका वाचनालयात असंच व्याख्यान झालं. लोक पांगले. पन्नाशीची एक बाई पुढं आली. अंगणवाडी सेविकांची साडी, खांद्याला पर्स.

“ओळखलंत का, सर? मी घोटवडीची कला.”

तिनं शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. रागावलेली दिसत नव्हती. मी विचारलं, घरची मंडळी कशी आहेत.

“मोठ्याईला जाऊन बारा वर्षं झाली. आई गेल्या सालच्या मार्गशीर्षात गेली. लग्न झालं, त्याच आठवड्यात आईनं मधल्या दाराला विटा लावल्या. माझी पाठवणी निघाली तेव्हा मी हट्टानं मोठ्याईच्या दारात गेले. तिनं माझी ओटी भरली, पण बाहेर आली नाही. त्यानंतर सव्वीस वर्षं दोघी एका भिंतीला दोन बाजूंनी राहिल्या. मी माहेरी गेले की आधी एकीकडे, मग दुसरीकडे. निरोपसुद्धा नाही द्यायच्या हो माझ्याजवळ. पूर्वी निदान निरोप असायचे.”

मी खाली बघत होतो.

“एक विचारू?” कला म्हणाली. “बरीच वर्षं विचारायचं होतं. मोठ्याईनं खरंच सांगितलं होतं का तुम्हाला, की लिव, छाप म्हणून?”

वाचनालयाचा शिपाई खुर्च्या एकात एक रचत होता. मला हो म्हणता आलं असतं. आता मला मारायला कुणी धावणार नव्हतं आणि मला पकडणारंही कुणी उरलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो. “तिनं फाडायला सांगितलं होतं. मी फाडली, आणि पुन्हा लिहिली. देवळात ती मला वाचवायला खोटं बोलली. मी गप्प बसलो.”

मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“आई काय म्हणायची माहिताय?” कला म्हणाली, अगदी सावकाश. “म्हणायची, पारूचं मोडलं ते मी पोटात घातलं असतं. माझी पण चूक होती, बाळ मीच काढून घेतलं होतं तिच्या हातातनं. खोटा भंडारा उचलला, ते खंडोबा बघून घेईल. पण माझ्या घरची अब्रू तिनं हौसेनं छापायला लावली, आणि वर माझ्याच लेकीच्या तोंडून गावाला वाचून दाखवली, ते मी न्हाई विसरायची. मरताना पण तेच बोलली. मी किती सांगितलं, मोठ्याई असं करायची नाही. तर म्हणाली, तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आन् मास्तरानं मान हलवली.”

कलानं पर्स उचलून मांडीवर घेतली, पण ती उठली नाही.

“आता हे मी कुणाला सांगू, सर?” तिनं विचारलं.